ऑन बिहाफ, इन बिहाफ की ऑन द बिहाफ? बाबांच्या सहीचा घोळ

वावरवाला

राम राम मंडळी. आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितो आहे. आमचा चौदा शेतकऱ्यांचा सेंद्रिय कापसाचा गट आहे. अध्यक्ष माझे बाबा, आणि कागदपत्रं सांभाळणारा मी, कारण गटात बी.ए. झालेला मी एकटाच.

मागच्या पंधरवड्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर काळा चष्मा, दिवसातून चार वेळा थेंब. सही करायला बसवलं तर सही रेघ सोडून खालच्या ओळीत उतरते. कापूस घेणाऱ्या कंपनीला एक इंग्रजी पत्र द्यायचं होतं, म्हणून बाबांच्या वतीने मीच सही केली आणि वर लिहिलं, 'इन बिहाफ ऑफ माय फादर'.

पत्र परत आलं. 'बिहाफ'ला लाल पेनाने गोल, बाजूला प्रश्नचिन्ह, आणि खाली एक ओळ: अधिकृत व्यक्तीचं नाव कळवा आणि अधिकारपत्र जोडा.

आता गावात मतं तीन. सेवा केंद्र चालवणारा मित्र म्हणतो 'ऑन द बिहाफ ऑफ' लिही, त्याच्याकडचे सगळे अर्ज तसेच जातात. नागपुरातला चुलतभाऊ म्हणतो 'ऑन बिहाफ ऑफ', मध्ये 'द' घालू नको. आणि घरातल्या एका जुन्या व्याकरणाच्या पुस्तकात 'इन बिहाफ ऑफ' छापलेलं मी स्वतः पाहिलंय. खरं काय ते सांगा. सोमवारी पत्र परत पाठवायचं आहे.

ढेकूळ

ऑन बिहाफ ऑफ. 'द' नाही. विषय संपला, चहा मांडा.

पुण्यात वऱ्हाडी

'ऑन द बिहाफ ऑफ' वाचलं की मला आमच्या फाट्यावरचा फ्लेक्स आठवतो. भाऊंच्या वाढदिवसाचा होता. वर भाऊ गॉगल लावून, खाली पासपोर्ट साइजमध्ये चाळीस डोकी, आणि सगळ्यात खाली 'ऑन द बिहाफ ऑफ ऑल युवा वर्ग'. वर्षभर उन्हापावसात टिकला तो. आता कोणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्रीच्या जागी आहे.

तुमचा चुलतभाऊ बरोबर सांगतो.

मास्तरीण

ढेकूळ यांचं उत्तर बरोबर आहे, पण 'का' ते सांगायला हवं, नाहीतर पुढच्या अर्जात पुन्हा तोच घोळ.

'बिहाफ'मधला 'हाफ' म्हणजे आज आपण समजतो तो अर्धा नव्हे. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा मूळ अर्थ होता 'बाजू'. एखादी गोष्ट दोन बाजूंत वाटली की एक बाजू म्हणजे अर्धा, असा तो अर्थ नंतर पक्का झाला. मध्ययुगीन इंग्रजीत दोन बोलण्या होत्या, एक 'त्याच्या बाजूवर' अशी आणि दुसरी 'त्याच्या बाजूला' अशी. त्यातली दुसरी 'बाय' आणि 'हाफ' जोडून झालेली. दोन्ही एकमेकींत मिसळल्या आणि 'ऑन बिहाफ' तयार झालं. म्हणजे त्या शब्दाच्या पोटात एक शब्दयोगी आधीच बसलेला आहे, वरून दुसरा आपण लावतो.

आणि गंमत बघा, आपलं 'तर्फे' काय आहे? फारसीच्या वाटेने आलेला अरबी 'तरफ'. अर्थ? बाजू! 'समस्त गावकऱ्यांतर्फे' म्हणजे गावकऱ्यांच्या बाजूने. दोन भाषांना एकमेकींची ओळखही नव्हती आणि दोघींनी एकच वाट धरली. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचा पोरगासुद्धा मान वर करतो.

आता 'द'. तो पूर्वी चालायचा. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात 'इन द बिहाफ ऑफ' असं छापलेलं आहे. आजच्या इंग्रजीत मात्र तो गळून पडलाय. 'ऑन बिहाफ ऑफ माय फादर' किंवा 'ऑन माय फादर्स बिहाफ', दोन्ही चालतात. 'ऑन बिहाफ ऑफ मी' लिहू नका, तिथे 'ऑन माय बिहाफ'.

तुमचं व्याकरणाचं पुस्तकही खोटं नाही. अमेरिकेत जुन्या पिढीचे वैयाकरण फरक करत. दुसऱ्याच्या जागी उभं राहून काही केलं तर 'ऑन बिहाफ', आणि दुसऱ्याच्या भल्यासाठी केलं तर 'इन बिहाफ'. म्हणजे वडिलांच्या जागी सही केली तर ऑन, वडिलांच्या उपचारासाठी वर्गणी गोळा केली तर इन. हा फरक तिथेही आता सगळे पाळत नाहीत. ब्रिटिश वळणात, आणि आपली सरकारी इंग्रजी त्याच वळणाची, 'इन बिहाफ ऑफ' जवळजवळ दिसतच नाही. तुम्ही 'ऑन'वरच राहा.

तलाठी नाही

मॅडम, 'इन' दिसतच नाही कसं म्हणता? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, इंग्रजी प्रत उघडा. पानोपानी 'इन धिस बिहाफ' आहे. कायद्यात चालतं तर बिचाऱ्याच्या पत्रात का नाही?

मास्तरीण

मी 'इन बिहाफ ऑफ'बद्दल बोलले. 'इन धिस बिहाफ' हा वेगळाच प्राणी आहे.

अर्जनवीस

तीस वर्षं तहसीलच्या बाहेर टेबल टाकून बसलो आहे. टाइपरायटरवर सुरू केलं, आता लॅपटॉप. या प्रश्नात मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

कायद्यातल्या 'इन धिस बिहाफ'चा वतीने-बितीनेशी संबंध नाही. 'ऑथराइज्ड इन धिस बिहाफ' म्हणजे 'याबाबतीत प्राधिकृत केलेला'. तिथे बिहाफ म्हणजे बाब, काम. ते बघून कोणी सहीवर 'इन बिहाफ' लिहिलं, तर नांगराचा फाळ पाहून विळ्याला धार लावल्यासारखं झालं.

'ऑन बिहाफ ऑफ' कुठे बघायचं असेल तर संविधानाचा अनुच्छेद २९९ बघा. सरकारचे करार राष्ट्रपतींनी किंवा राज्यपालांनी केले असं व्यक्त करायचं आणि त्यांच्या वतीने ते निष्पादित करायचे, तिथे 'ऑन बिहाफ ऑफ' आहे. अनुच्छेद १६६ मध्ये मात्र राज्याची कार्यकारी कारवाई राज्यपालांच्या 'नावाने', तिथे 'इन द नेम ऑफ'. म्हणूनच प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' अशी ओळ असते. वतीने वेगळं आणि नावाने वेगळं. राज्यघटना लिहिणाऱ्यांनी शब्द उगाच बदलले नाहीत.

आपला सातबाराही हे जाणतो. नावापुढे 'एकुमॅ' असलं तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून उभा आहे, 'अपाक' असलं तर अज्ञानाचा, म्हणजे अल्पवयीनाचा, पालनकर्ता म्हणून. दोन-तीन अक्षरांत सांगून मोकळे, की हा माणूस स्वतःसाठी नाही, दुसऱ्याच्या बाजूने उभा आहे.

आता वावरवाला, तुमच्या पत्राकडे येतो. इन की ऑन ही तुमची खरी अडचण मला वाटत नाही. पत्र कोणाचं आहे? बाबांचं की गटाचं?

वावरवाला

गटाचं. लेटरहेड गटाचं आहे.

अर्जनवीस

मग 'माय फादर' त्यात आलाच कुठून? बाबा सही करतात ते तुमचे बाबा म्हणून नाही, अध्यक्ष म्हणून. म्हणजे ते स्वतःच गटाच्या वतीने सही करतात. करार कायदा १८७२, कलम १८२: दुसऱ्यासाठी काम करायला किंवा तिसऱ्या माणसासमोर त्याचं प्रतिनिधित्व करायला नेमलेला तो एजंट. बाबा एजंट आहेत, मालक गट आहे. आणि कलम १९० म्हणतं, एजंटाने स्वतः करायचं म्हणून पत्करलेलं काम त्याला सहसा परस्पर दुसऱ्यावर सोपवता येत नाही. व्यवहाराची तशी रीत असेल किंवा कामाचं स्वरूपच तसं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे बाबांनी खाटेवरून 'कर रे बाप्पू सही' म्हटलं, एवढ्यावर कंपनी का थांबेल?

गटाची सभा घ्या, ठराव लिहा की अमुक कारणाने अमुक काळापर्यंत सही याने करावी. ठरावाची नक्कल जोडा. सहीवर लिहा 'फॉर अँड ऑन बिहाफ ऑफ', पुढे गटाचं नाव, खाली तुमची सही, त्याखाली 'अधिकृत स्वाक्षरीकर्ता'. मराठीत आपण नुसतं 'करिता' लिहितो, तेच हे.

झालेली सही वाया गेली असंही नाही. कलम १९६ प्रमाणे, कोणी तुमच्या वतीने पण तुम्हाला न विचारता काही केलं, तर ते कायम करायचं की झटकायचं हे तुम्ही ठरवू शकता. ठरावातच लिहा की आधीचं पत्र गटाला मान्य आहे.

एक जाता जाता. चेकवर किंवा वचनचिठ्ठीवर दुसऱ्यासाठी सही करत असाल तर 'वतीने' हा शब्द विसरू नका. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा १८८१, कलम २८. एजंट म्हणून सही करतोय हे दाखवलं नाही तर पैसे स्वतःच्या खिशातून भरायची पाळी येते. एका पतसंस्थेच्या सचिवाला या एका शब्दापायी कोर्टाचे हेलपाटे मारताना पाहिलंय. नाव सांगत नाही.

पुण्यात वऱ्हाडी

काका, तुमच्या टेबलावर येऊन एकदा पाय धरायचे आहेत.

ढेकूळ

म्हणजे ऑन बिहाफ ऑफ. मी पहिल्या उत्तरात सांगितलं होतं.

कोरडवाहू

मला मूळ प्रश्नच पटत नाही. विदर्भातला गट, विदर्भातला कापूस, आणि पत्र इंग्रजीत? मराठीत ठणकावून लिहा. त्यांना गरज असेल तर ते भाषांतर करून घेतील.

वावरवाला

दादा, मराठीत लिहिलं असतं तर मलाच बरं झालं असतं. पण कापूस पुढे ज्यांना विकला जातो ते परदेशातले आहेत, प्रमाणपत्राची फाइल इंग्रजीत असते. आणि गरज त्यांना नाही, आम्हाला आहे. प्रमाणपत्र अडकलं की सेंद्रिय कापूस साध्याच्या भावात जाते. चौदा घरं आहेत यामागं.

कोरडवाहू

बरोबर आहे तुमचं. तरी मला राग येतोच.

सांबारवडी

मी इंग्रजीतली नाही बाप्पा, सातवीतच शाळा सुटली. सुनेनं हे वाचून दाखवलं, टाइप बी तिच करून रायली. पण मले एक इचाराचं होतं.

आपण म्हणतो ना, 'माह्याकून तुह्या मायले राम राम सांगजो.' ते 'कून' म्हणजे हेच बिहाफ होय ना? अन् आपण असंबी म्हणतो, 'माह्याकून दुधाचा गंज सांडला.' तिथंबी 'कून'च. मंग इंग्रजीत दोघाईले येकच शब्द चालते का दोन लागते?

मास्तरीण

काकू, या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा आहे. मी इतकं लिहिलं आणि हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

दोन लागतात. राम राम सांगायचा तो माझ्या जागी तू, म्हणून 'ऑन माय बिहाफ'. गंज सांडला तो माझ्याच हातून, माझ्या जागी कोणी नव्हतं, म्हणून 'ऑन माय पार्ट'. 'अ मिस्टेक ऑन माय पार्ट' म्हणजे चूक माझी. 'अ मिस्टेक ऑन माय बिहाफ' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की चूक दुसऱ्याच कोणी केली, माझ्या वतीने! हल्ली शिकलेले इंग्रजसुद्धा हा गोंधळ करतात, पण तो गोंधळच मानला जातो.

प्रमाण मराठीत 'कडून' आणि 'वतीने' असे दोन शब्द हाताशी असूनही आपण दोन्हीकडे 'कडून' वापरतो. वऱ्हाडीत तर 'कून'वर सगळा संसार चालतो. म्हणून ही चूक आपल्याकडे फार सहज होते.

तलाठी नाही

वावरवाला, एक काम करा. पत्राचा फोटो टाका. नाव-गाव झाका. आपण इतकी पानं लिहिली पण लाल गोल नेमका कुठे आहे ते कोणीच पाहिलं नाही.

वावरवाला

मंडळी, मी आता भिंतीवर डोकं आपटून घेणार आहे.

फोटो काढायला पत्र हातात घेतलं. सहीच्या वरच्या 'बिहाफ'ला गोल नाहीच! तिथे काहीच खूण नाही. 'बिहाफ' पत्रात दोनदा आहे आणि गोल आहे तो वरच्या परिच्छेदातल्या शब्दाला. मी सहीच्याच काळजीत होतो, म्हणून माझ्या डोळ्यांना तोच दिसला. फोटो टाकत नाही, लाज वाटते, मजकूर सांगतो.

झालं असं होतं. शेतकऱ्यांच्या यादीत एकाचं क्षेत्र ०.८१ हेक्टरच्या जागी १.८१ पडलं होतं. दोन एकरांचे साडेचार एकर झाले. टाइप माझ्याच हाताने झालं होतं. ते कबूल करावं म्हणून मी लिहिलं, 'द मिस्टेक वॉज डन ऑन अवर बिहाफ'. मनात काय होतं, तर 'चूक आमच्याकून झाली'. सांबारवडी काकूंचा दुधाचा गंज.

आता ती खालची ओळ पुन्हा वाचा. 'अधिकृत व्यक्तीचं नाव कळवा आणि अधिकारपत्र जोडा.'

पुण्यात वऱ्हाडी

थांबा थांबा. म्हणजे तुमच्या वतीने ज्याने चूक केली, त्याला चूक करायचा अधिकार तुम्ही दिला होता का, हे कंपनी विचारते आहे?

वावरवाला

हाव.

पुण्यात वऱ्हाडी

ऑफिसात बसून हसतोय, शेजारचे बघताहेत.

अर्जनवीस

चूक करण्याचं कुलमुखत्यारपत्र! तीस वर्षांत हा दस्त नाही केला. फी सांगावी लागेल.

तरी ठरावाचं मी म्हटलं ते सोडू नका. आज त्यांनी सहीला गोल केला नाही, उद्या करतील.

मास्तरीण

त्या माणसाने प्रामाणिकपणे जे लिहिलं होतं ते वाचलं, त्याला दोष देता येत नाही. आता ओळ अशी करा: 'द एरर इन द एरिया वॉज अ मिस्टेक ऑन अवर पार्ट'. आणखी साधं हवं असेल तर बिहाफ नको, पार्ट नको: 'वी मेड अ मिस्टेक इन द एरिया'. मी दुसरं निवडेन. कबुली जितकी आखूड तितकी बरी. 'मिस्टेक वॉज डन' मात्र राहू देऊ नका, चूक 'मेड' असते.

आणि पत्रात गटासाठी काही मागणी असेल, मुदतवाढ वगैरे, तर तिथेही बिहाफ घालू नका. 'साठी'ला साधा 'फॉर' पुरतो. आधी मराठीत म्हणून पाहा. 'वतीने' येतं का, 'हातून' येतं का, 'साठी' येतं का, 'नावाने' येतं का? त्याप्रमाणे इंग्रजी शब्द निवडा. नुसतं 'कून' आलं तर थांबा.

सांबारवडी

सून म्हणून रायली आत्या तुमी मास्तरीण झाल्या. मी म्हटलं गंज सांडल्याशिवाय अक्कल येत नाही.

कोरडवाहू

मराठीत लिहिलं असतं तर हे काहीच झालं नसतं. एवढंच म्हणतो आणि गप्प बसतो.

तलाठी नाही

मराठीत 'आमच्या वतीने चूक झाली' असं छापलेली निवेदनं मी शेकड्यांनी पाहिली आहेत, दादा.

वावरवाला

उशिरा कळवतो, माफ करा. दोन दिवस वेचणीत गेले, मजूर मिळत नव्हते.

काल रात्री मारुतीच्या पारावर सभा झाली. चौदापैकी अकरा आले. अर्जनवीस काकांनी सांगितल्याप्रमाणे ठराव लिहिला, आधीचं पत्र मान्य असल्याचंही त्यातच घातलं. दोघांनी विचारलं की पोराच्या सहीसाठी ठराव कशाला. मी चूक करायच्या अधिकारपत्राची गोष्ट सांगितली, तेव्हा पटकन सह्या झाल्या. तिघांचे अंगठे आहेत.

नवीन पत्रात 'वी मेड अ मिस्टेक' घेतलं. सहीवर 'फॉर अँड ऑन बिहाफ ऑफ' आणि गटाचं नाव. 'माय फादर' काढून टाकला.

घरी आल्यावर बाबांना पूर्ण पत्र वाचून मराठीत सांगितलं. काळा चष्मा लावून खाटेवर बसून ऐकत होते. 'ऑन बिहाफ'ला मी म्हटलं, मास्तरीण बाईंच्या भाषेत, गटाच्या बाजूनं. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाजूनं सही केली ते ठीक केलं. पण पैसा कोनाच्या नावानं येते ते लिवलं का त्यात?"

नव्हतं लिहिलं. आता ती ओळ घालायची आहे. 'इन द नेम ऑफ' की 'ऑन द नेम ऑफ'?

ढेकूळ

इन द नेम ऑफ. इथे 'द' आहे. आता तरी चहा मांडा.